आमच्या सांदवाडीतले गुलाब

आम्ही पवनी तालुक्यातल्या एका गावच्या बचत गटाच्या अकरा जणी. मागच्या वेळी आम्ही वांग्या-टमाटरच्या परसबागेवर बोललो होतो. तेव्हा बऱ्याच बायांनी विचारलं, तुमच्या अंगणात गुलाब कसे काय जगतात, आमच्याकडे तर मे महिन्यात काड्या उरतात. आज त्याबद्दलच सांगतो. आधी आमची फजिती ऐका, मग गुलाबांची नावं.

चार वर्षांपूर्वी जानेवारीत एक रोपवाला छोट्या गाडीत गुलाब घेऊन गावात आला. एकेका रोपावर दोन-दोन फुलं. लाल, पिवळा, दुरंगी. त्याने सांगितलेली नावंही मोठी छान होती, हा काश्मिरी, हा इंग्लिश, हा बारमाही. साठ रुपयाला एक. आम्ही सगळ्यांनीच दोन-दोन, चार-चार घेतले. आमच्यातल्या एका वहिनींनी मात्र गटाकडून ३,००० रुपये कर्ज काढून ५० रोपं घेतली. पवनीत देवळं पुष्कळ, हाराला फुलं लागतात, तर आपणच का देऊ नये, हा त्यांचा हिशोब. हिशोब चुकीचा नव्हताच.

मे संपेपर्यंत त्यांची १९ रोपं वाळली. पावसाळ्यात आणखी १४ गेली. राहिलेल्या १७ पैकी ९ रोपं चांगली हिरवीगार, कमरेएवढी वाढली, पण फूल म्हणून नाही. बैठकीत आम्ही वहिनींना म्हटलं, तुम्ही रोवणीच्या नादात लक्ष दिलं नाही, पाणी कमी पडलं. त्या काही बोलल्या नाहीत. पुढच्या दोन बैठकांना आल्याच नाहीत.

मग आमच्यातल्या एकीने आपलं स्वतःचं मेलेलं रोप उपटून पाहिलं. मुळाशी लाल चिकणमातीचा गोळा जसाच्या तसा, लाडवासारखा. वरून रोज पाणी घातलं होतं, पण गोळ्याच्या आत मातीला ओल नव्हती, आणि मुळं गोळ्याच्या बाहेर आलीच नव्हती. आम्ही सगळ्यांनी आपापली मेलेली रोपं उपटली. सगळीकडे तोच गोळा. दूरच्या रोपवाटिकेतून रोप गाडीत मोडू नये म्हणून असा गोळा बांधतात, त्यात पाप काही नाही. पण लावताना तो पाण्यात भिजवून हलक्या हाताने सोडवायचा असतो, हे आम्हाला कोणी सांगितलं नव्हतं आणि आम्ही विचारलंही नव्हतं. त्याच संध्याकाळी आम्ही सगळ्या वहिनींच्या घरी गेलो. गटाने व्याज सोडलं. मुद्दल मात्र त्यांनीच हट्टाने फेडलं.

त्या फूल न येणाऱ्या नऊ रोपांचं कोडं नंतर सुटलं. विकत मिळणारा गुलाब बहुतेक कलमी असतो. खाली रानटी जातीचा खुंट, त्यावर चांगल्या जातीचा डोळा भरलेला. उन्हाने वरचा डोळा मेला तर खालचा खुंट जोर धरतो, आणि आपण खूश होतो की झाड वाढलं. बाया म्हणतात, सात पानांची फांदी रानटी, पाच पानांची चांगली. त्यावर सगळा भरवसा ठेवू नका, चांगल्या गुलाबालाही कधी सात पानं येतात. फांदी कुठून निघाली ते पाहा. जोडाच्या गाठीखालून निघाली असेल तर बुडापासून ओढून काढा. नुसती वरून कापली तर तिथून चार फुटतात. आणि लावताना ती गाठ मातीच्या वर राहील असं लावा.

त्यानंतर आम्ही नागपूरहून नावाच्या चिठ्ठ्या असलेली रोपं आणली, प्रत्येक जातीची तीन-तीन, वेगवेगळ्या अंगणांत लावली आणि वहीत लिहीत गेलो. तीन वर्षं झाली. वही वहिनींकडेच असते.

बायांनो, धानाचं आपल्याला कळतं. बरडीत लावायचं धान वेगळं, कन्हारातलं वेगळं. चंद्रपूर जिल्ह्यातल्या नांदेड गावच्या दादाजी खोब्रागडेंनी आपल्याच बांधीतल्या वेगळ्या लोंब्या निवडून एचएमटी धान काढलं, ते डोळ्याने पाहून, वर्षानुवर्षं जपून. गुलाबालाही तसंच पाहावं लागतं. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो आणि जुलै-ऑगस्टमध्ये पान वाळत नाही. दोन्ही सोसणारी जात थोडीच असते.

आमच्या वहीत पहिला नंबर गावठी गुलाबाचा. आजीच्या काळापासून आडाजवळ असतो तो, गुलाबी, भरगच्च, लवकर पाकळ्या गाळणारा. दक्षिणेत एडवर्ड नावाने जो सुगंधी गुलाब लावतात, त्याच कुळातला दिसतो. याला खुंट लागत नाही. पेन्सिलीएवढी जाड, वीतभर काडी पावसाळ्यात सावलीत खोचली की मूळ धरते. स्वतःच्याच मुळावर असल्यामुळे वरून जळाला तरी खालून तोच गुलाब फुटतो. हे फूल हाराला टिकत नाही, पण गुलकंद याचाच. सकाळी तोडलेल्या पाकळ्या, वजनाने तेवढी तरी साखर, काचेच्या बरणीत थर देऊन तीन-चार आठवडे उन्हात. विकत आणलेल्या फुलांचा गुलकंद करू नका, त्यावर काय फवारलं ते आपल्याला माहीत नसतं.

दुसरा ग्लॅडिएटर. उंच, दांडा लांब, फूल मोठं, लालसर गुलाबी. पॉलीहाऊस येण्याआधी महाराष्ट्रात उघड्या शेतात फुलांसाठी हाच मोठ्या प्रमाणात लावत. आमच्याकडे तीनपैकी तीन जगले. मे महिन्यात फूल बारीक आणि फिकं होतं, पण झाड हटत नाही. वास मात्र जेमतेम. क्वीन एलिझाबेथ ही १९५४ सालची अमेरिकेतली जात, गुलाबी, ती तर एका सासूबाईंच्या न्हाणीमागे माणसाच्या उंचीची झाली आहे. पांढऱ्यात आइसबर्ग. जर्मनीतली जात, १९५८ सालची, झुपक्याने फुलणारी, काटे कमी. ऑगस्टमध्ये निम्मी पानं गाळते, ऑक्टोबरमध्ये पुन्हा उभी राहते. घरात लहान मुलं असतील तर हीच लावा.

आपल्या देशातल्या जातींमध्ये दिल्ली प्रिन्सेस चांगली निघाली, गडद गुलाबी, झुपक्याची. ती काढली बी. पी. पाल यांनी. ते मुळात गव्हाचे शास्त्रज्ञ, भारतीय कृषी संशोधन परिषदेचे पहिले महासंचालक. गहू सुधारता सुधारता हौसेने गुलाबाच्या कितीतरी जाती काढल्या. आम्हाला हे ऐकून फार बरं वाटलं. फुलझाडं म्हणजे रिकामटेकड्या बायांचा नाद, असं आमच्या घरांतून ऐकायला मिळतं ना!

आता जे टिकले नाहीत ते. पिवळे. पीस नावाचा तो प्रसिद्ध पिवळा-गुलाबी गुलाब, आमच्या एकीचा जीव त्याच्यावर. तिन्ही झाडं पावसाळ्यात काळ्या ठिपक्यांनी उघडी पडली. दुसऱ्या वर्षी दोन मेली. कारण ऐका. आजच्या गुलाबांतला गर्द पिवळा रंग बराचसा एका इराणी पिवळ्या गुलाबापासून आला. फ्रान्समधल्या पेर्ने-दुशे नावाच्या माळ्याने त्याच्याशी संकर करून १९०० साली नवी जात आणली. तो मूळ गुलाब कोरड्या मुलखातला, काळ्या ठिपक्याला हळवा. रंगाबरोबर तो हळवेपणाही वंशात उतरला. म्हणून पिवळा घ्यायचाच असेल तर एकच घ्या आणि पत्र्याच्या कडेला, जिथे पावसाची धार पडत नाही, तिथे ठेवा.

डबल डिलाइट दुरंगी, मलईसारखा आणि कडेला लाल. वास असा की सून आणि सासू दोघी भांडतात. याची लाली उन्हाने चढते, सावलीत ठेवला तर फिकाच राहतो, आणि आम्ही पहिल्या वर्षी कीड समजून बसलो होतो. थंडीत याच्या कोवळ्या पानांवर भुरी येते. गडद लाल, मखमली जातींच्या पाकळ्या मार्चपासूनच कडेने करपतात. त्यांची मजा दिवाळी ते होळी. त्यापुढे फुलांची आशा ठेवू नये, कळ्या खुडून झाड वाचवावं.

जागा कोणती? घराच्या पूर्वेला. सकाळचं पाच-सहा तास ऊन, दुपारी भिंतीची सावली. कन्हार माती असेल तर खड्ड्यात लावूच नका, पाणी साचून मुळं कुजतात. वीतभर उंच वरंबा करून त्यात रेती आणि कुजलेलं शेणखत मिसळून लावा. उन्हाळ्यात बुडाशी तणीस अंथरतो आम्ही, पण खोडापासून चार बोटं दूर, आणि खाली निंबोळी पेंड टाकून. पहिल्या वर्षी तणीस खोडाला चिकटवली, वाळवीने दोन झाडं खाल्ली.

पाणी सकाळी, बुडाला. काळ्या ठिपक्याची बुरशी पान सहा-सात तास ओलं राहिलं की रुजते, म्हणून संध्याकाळी वरून पाणी शिंपडणं म्हणजे रोगाला आवतण. गळालेली ठिपक्याची पानं वेचून जाळा, खताच्या खड्ड्यात टाकू नका.

छाटणी पाऊस थांबल्यावर, ऑक्टोबरच्या मध्यात. नेमकी तेव्हा धानाची कापणी तोंडावर असते हे आम्हाला माहीत आहे. तरी एक सकाळ काढा. वाळलेल्या, आत वळलेल्या, बारीक फांद्या काढा. राहिलेल्या फांदीला बाहेरच्या डोळ्यावर तिरपा काप द्या. कापावर बोर्डो पेस्ट लावा, म्हणजे १ किलो मोरचूद, १ किलो चुना आणि १० लिटर पाणी, आपल्याला लागेल तेवढीच त्या मापाने करा, प्लास्टिकच्या भांड्यात. नाही लावली तर फांदी वरून काळी पडत खाली मरत येते. छाटल्यापासून साधारण दीड-दोन महिन्यांत फुलं येतात.

विकण्याचं म्हणाल तर वहिनींकडे आज ३० झाडं आहेत, ग्लॅडिएटर आणि गावठी, बस्स. थंडीत आठवड्यातून दोनदा फुलं पवनीला जातात. उन्हाळ्यात जात नाहीत, आणि त्या कोणाला तसा शब्दही देत नाहीत. नव्याने करणारीने पाच झाडं लावून दोन उन्हाळे पाहावे, मगच कर्जाचं नाव काढावं, असं त्यांनी मुद्दाम सांगायला सांगितलं आहे. त्या इथे बाजूलाच बसल्या आहेत, पण माईकसमोर बोलत नाहीत.

रोवणी संपली की आम्ही गावठी गुलाबाच्या काड्या कापणार आहोत. ज्यांना हव्यात त्यांनी आपल्या गटामार्फत निरोप द्या आणि येताना ओलं पोतं आणा, काड्या त्यातच गुंडाळून न्यायच्या. पैसे नाहीत. तुमच्याकडे जुना, आजीच्या वेळचा वेगळ्या रंगाचा गुलाब असेल तर त्याची एक काडी मात्र घेऊन या. नमस्कार.