घाम गाळला म्हणजे व्यायाम झाला असं नाही
(भिवंडीतल्या युवक मेळाव्यात केलेलं भाषण)



मी गोदीत माल उचलणारा माणूस. मॅट्रिकपर्यंत शिकलो, कविता लिहितो. आज कविता वाचणार नाही, शरीराबद्दल बोलणार आहे. चळवळीत आपण डोक्याबद्दल पुष्कळ बोललो, पोटाबद्दलही बोललो. पण हे धड आपण रोज मोडून घेतो, त्याचा विषय आपल्या ठरावात कधी येत नाही.

गेल्या पावसाळ्यात कंबर धरली म्हणून डॉक्टरकडे गेलो. त्याने रक्तदाब मोजला. म्हणाला, वाढलाय, रोज अर्धा तास व्यायाम करा. मला हसू आलं आणि रागही आला. दिवसभर 50 किलोच्या गोण्या पाठीवर, आणि हा मला व्यायाम सांगतो!

नंतर वाचलं, चार जाणत्यांना विचारलं. डॉक्टर खरं बोलला होता, पण अर्धंच.

2021 साली कोपनहेगनच्या 1 लाख 4 हजार माणसांचा अभ्यास छापून आला. फावल्या वेळात जी माणसं खेळतात, चालतात, पळतात, त्यांच्यात हृदयविकार आणि मरण कमी. कामावर जी माणसं राबतात, वजनं उचलतात, त्यांच्यात ते जास्त. हालचाल दोघांचीही, मग फळ उलटं का? कारण खेळणारा दमला की थांबतो. आपण दमलो की मुकादम ओरडतो. खेळणाऱ्याच्या काळजावर तासभर ताण येतो, मग विश्रांती. आपल्यावर तो ताण दिवसभर, आणि झीज भरून यायच्या आत दुसरी पाळी. भिवंडीच्या मागावर 12 तास उभा राहणारा कामगार बघा. पाय सुजलेले, कानात खडखडाट, छातीत कापसाची भुकटी. त्याला कोणी सांगेल का, की बाबा, तुझा व्यायाम झाला?

2024 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने आकडे दिले. भारतातले जवळजवळ निम्मे प्रौढ पुरेशी हालचाल करत नाहीत. पुरुषांत 42 टक्के, बायकांत 57. त्या बायका आळशी नाहीत. घरात बसून धागे तोडणारी माझी बहीण सकाळपासून जागची उठत नाही, कारण उठली तर मजुरी बुडते. संध्याकाळी ती चालायला निघाली तर जाणार कुठे? रस्त्यावर टेंपो, फुटपाथवर गटाराचं झाकण, आणि नाक्यावर टपून बसलेल्या नजरा.

म्हणजे प्रश्न इच्छेचा नाही. प्रश्न वेळेचा आणि जागेचा आहे. आणि जागेचा प्रश्न आला की जात आलीच.

पळवणकर बाळू आठवा. चांभाराचं पोर. पुण्यात गोऱ्यांच्या क्लबात पीच लाटायचं, झाडायचं, जाळी बांधायचं काम त्याच्याकडे. पुढे असा गोलंदाज झाला, की 1911च्या इंग्लंड दौऱ्यात त्याने 114 बळी घेतले. पण पुण्याच्या हिंदू संघात त्याचा चहा बाहेर, वेगळ्या मातीच्या भांड्यात. त्याने टाकलेला चेंडू चालायचा, त्याने धरलेला कप नाही. हिंदू संघाचं कप्तानपद त्याला अखेरपर्यंत दिलं नाही. ते 1923 साली त्याच्या भावाला, विठ्ठलला मिळालं. मैदान झाडायला आम्ही, मैदानाचे मालक ते. हा हिशोब अजून मिटलेला नाही.

माझ्या लहानपणी वस्तीशेजारच्या शाळेला मैदान होतं. पाच वाजता फाटकाला कुलूप. आम्ही भिंत चढायचो, वॉचमन काठी घेऊन धावायचा. आमचं पळणं तेवढंच! 2009च्या शिक्षण हक्क कायद्यात लिहिलंय, शाळेला खेळाचं मैदान पाहिजे. पण संध्याकाळी ते वस्तीला उघडं असावं, हे आपल्यालाच मागावं लागेल.

आता सरकारी कागदांत एक नवा शब्द येतो, लोकसहभाग. सावध राहा. बहुतेक वेळा त्याचा अर्थ असा, की साहेब रिबीन कापणार आणि आपण सतरंज्या उचलणार. मला अशी भागीदारी नको. पण खरी भागीदारी होऊ शकते. इंग्लंडात 2017 साली स्पोर्ट इंग्लंड या संस्थेने 12 ठिकाणं निवडली. त्यात आपल्या देशी लोकांचं साउथॉल आहे, आणि लँकेशरची जुनी कापड गावंही आहेत. तिथे आधी वस्तीतल्या माणसांना विचारायचं, तुम्हाला अडवतं काय, आणि मग पैसा कुठे लावायचा ते ठरवायचं, अशी ती रीत. भिवंडीला मँचेस्टर म्हणवून घ्यायला आवडतं ना? मग हेही घ्या.

आणि इतक्या लांब कशाला जायचं? याच भिवंडीने 1970 आणि 1984च्या दंगली पाहिल्या. 1988 पासून पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांनी मोहल्ला समित्या उभ्या केल्या. हिंदू-मुसलमान एका सतरंजीवर बसायला लागले. 1992-93 मध्ये मुंबई जळत होती, भिवंडी शांत राहिली. पोलिसांचा मी भक्त नाही, आपल्या पाठीवर त्यांचे वळ आहेत. पण शेजारी एकत्र बसले की काय होतं, हे या गावाला माहीत आहे.

तर मित्रांनो, तशाच समित्या मैदानासाठी करू. बौद्ध वस्ती, मोमीन मोहल्ला, तेलुगू विणकर, उत्तरेकडचा कामगार, सगळे त्यात. निम्म्या बायका. महापालिकेकडे मागायचं ते एवढं: शाळांची मैदानं संध्याकाळी उघडा, दिवे लावा, पाणी आणि संडास द्या. बायका-पोरींसाठी राखीव तास ठेवा. रात्रपाळीवाल्यासाठी सकाळी फाटक उघडा. आणि किल्ली समितीकडे द्या. झाडायचं काम आपल्याकडे आणि किल्ली साहेबाकडे, अशी भागीदारी बाळूच्या काळातही होती.

मालकांकडेही मागायचंच: आठवड्याची पगारी सुट्टी. सुट्टी नसेल तर मैदान उघडून खेळणार कोण?

माझं शरीर आजवर दुसऱ्याचा माल वाहण्यासाठीच वापरलं गेलं. मला ते दिवसातून एक तास माझ्यासाठी हवंय. उगाच धावायला. कोणाचं ओझं पाठीवर नसताना.

येत्या रविवारी अर्जावर सह्या गोळा करायला निघू. चालतच जाऊ.

जय भीम.