हाताचे घट्टे आणि पायाचे कुरूप
(शिरूर व दौंड तालुक्यांतील शेतकऱ्यांपुढे केलेल्या भाषणाचा मजकूर)



आपल्याकडे घोड आणि भीमेच्या काठाने ऊस आहे, कांदा आहे. कोयता, खुरपे, फावडे रोज हातात असते. त्यामुळे तळहाताला घट्टे नाहीत असा माणूस या सभेत विरळाच. त्यांची काळजी करू नये. कातडी जेथे वारंवार घासते, तेथे तिचा वरचा निर्जीव थर जाड होऊन आतल्या भागाचे रक्षण करतो. घट्टे कापून काढलेत, तर दुसऱ्याच दिवशी कोयत्याने फोड येतील. भेग पडली, तर रात्री खोबरेल तेल किंवा व्हॅसलीन लावावे आणि दांडा तासून गुळगुळीत करून घ्यावा.

पायाच्या कुरुपाची गोष्ट वेगळी. त्याच्या मध्यभागी कठीण कणी असते व तिचे टोक आत रुतते. म्हणून पाऊल टेकले की खडा टोचल्यासारखे होते. कुरुपाला मूळ असते, असे पुष्कळजण सांगतात. मूळबीळ काही नसते. दाब कायम राहिला की ते पुन्हा येते. तेव्हा आधी चप्पल उलटसुलट करून पाहा. खिळा वर आलेला असतो, नाहीतर पट्टा बोटाला घासत असतो. नवी चप्पल संध्याकाळी घ्यावी. दिवसभराच्या कामाने पाय थोडे सुजतात, त्यामुळे माप खरे मिळते.

कोमट पाण्यात 10 ते 15 मिनिटे पाय बुडवून वजरीने हलके घासावे. एकाच दिवशी सगळे काढू नये. बिब्बा लावू नका, चांगली कातडीही भाजते. जाड कातडी मऊ करणारे युरियायुक्त मलम औषधाच्या दुकानात मिळते. गोणीतला युरिया मात्र पिकालाच घाला!

वेड्या बाभळीचा काटा आत मोडला, तरी कुरुपासारखी गाठ होते. ती घरी कोरू नये. डॉक्टरांकडून काटा काढून घ्यावा आणि धनुर्वाताच्या इंजेक्शनबद्दल विचारावे.

आता मधुमेह असणाऱ्यांनी नीट ऐकावे. या आजारात पायाची संवेदना कमी होऊ शकते. घट्ट्याखाली जखम होते, पण दुखत नाही. ती चिघळून पुढे बोट किंवा पाय काढण्याची वेळ येते. म्हणून तुम्ही ब्लेड लावू नका, कुरुपावर चिकटवायची औषधी पट्टीही नको. अनवाणी शेतात जाऊ नका. रोज रात्री पाय धुऊन, बोटांच्या बेचक्या कोरड्या करून, तळवे आरशात पाहा; नजर कमी असेल तर सुनेला, नातवाला दाखवा. घट्ट्यात काळपट डाग दिसला किंवा पाणी येऊ लागले, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. दुखत नाही म्हणून आठवड्याच्या बाजाराची वाट पाहू नका.