कॉलेजसाठी बिऱ्हाड हलविताना

(संस्थेच्या पालक मेळाव्यात केलेले भाषण)



दहावीचा निकाल लागला की आम्हा शिक्षकांना दरवर्षी एक प्रश्न हमखास विचारला जातो: "सर, मुलांच्या शिक्षणासाठी बिऱ्हाड कुठे न्यावे?" विचारणारे वडील पुष्कळदा कुवेतहून किंवा दोह्याहून महिन्याभराच्या रजेवर आलेले असतात आणि रजा संपण्यापूर्वी त्यांना निर्णय हवा असतो. त्या घाईत दोनच नावे पुढे येतात, मुंबई आणि पुणे. मुंब्र्याला मामू असतात, पुण्यात कोणी दोस्त असतो. एवढ्या आधारावर घराला कुलूप लागते. या प्रश्नाचे उत्तर शाळेच्या व्हरांड्यात उभ्याउभ्या देता येत नाही, म्हणून आज थोडे सविस्तर बोलतो.

आधी हे सांगितले पाहिजे की सर्वांनाच गाव सोडण्याची गरज नाही. बी.ए., बी.कॉम. किंवा बी.एस्सी. करावयाचे असेल तर चिपळुणात डी. बी. जे. महाविद्यालय आहे. रत्नागिरीत १९४५ साली सुरू झालेले, आज गोगटे-जोगळेकर या नावाने ओळखले जाणारे महाविद्यालय आहे. ग्रामीण भागातील मुलींना बारावीपर्यंत एस.टी.चा पास अहिल्याबाई होळकर योजनेतून मोफत मिळतो. मार्च २०२३ पासून महिलांना एस.टी.चे तिकीट निम्म्या दरात आहे. ज्या घराला भाडे नाही ते घर सोडण्यापूर्वी नीट विचार करा. परंतु मुलाला अभियांत्रिकीकडे, मुलीला फार्मसीकडे किंवा वैद्यकीय शाखेकडे जावयाचे असेल, किंवा संध्याकाळची शेवटची बस गावात येतेच याची खात्री नसेल, तर मात्र हलणे योग्य ठरते.

मग कुठे? इथे बहुतेक पालक फीपासून सुरुवात करतात. अनुदानित महाविद्यालयाची फी मुंबईत आणि कराडात एवढी वेगळी नसते की तीवरून गाव ठरवावे. वेगळे असते ते भाडे. मूल वर्षाचे नऊ-दहा महिने शिकते, घरमालक बारा महिन्यांचे भाडे घेतो. वर डिपॉझिट, आणि अकरा महिन्यांचा करार संपला की नवा करार, पुन्हा वाढ. त्यानंतर रोजचे जाणे-येणे. वहीचे एक पान घ्या आणि भाडे, जेवण, प्रवास, औषधपाणी, गावी येण्या-जाण्याचा खर्च, असे बारा महिन्यांचे आकडे मांडा. फी सर्वांत शेवटी लिहा. असा हिशेब मांडून दोन-तीन पालक माझ्याकडे आले आहेत, आणि त्यांनी ठरविलेले गाव तिथल्या तिथे बदलले आहे.

हा हिशेब केवळ पैशाचा नाही. आपल्या पट्ट्यातील एका घराची हकीकत सांगतो, नाव सांगत नाही. थोरल्या मुलाला पुण्याला घातले. विनाअनुदानित महाविद्यालय, सहा मुलांत मिळून एक खोली, खाणावळ. आंब्याची कलमे गहाण पडली. मुलगा हुशार होता, शिकला, त्याच्याबद्दल तक्रार नाही. त्याच्यामागे तीन वर्षांनी बहीण दहावी झाली. तिला गणितात त्याच्यापेक्षा जास्त गुण होते. दोघांचेही पेपर मी पाहिलेले आहेत. तिच्या वेळी घरात पैसा नव्हता, आणि भावाच्या खोलीत तर तिला पाठविता येत नव्हते. ती घरी बसली. तिला शिकवायचे नाही असे त्या घरात कोणीही म्हटले नव्हते. वडील माझ्यासमोर बसून रडले. परंतु पुणे निवडले त्याच दिवशी तिचे शिक्षण थांबले होते, हे कोणाच्या ध्यानात आले नाही.

म्हणून माझे सांगणे असे आहे की गाव थोरल्या मुलाच्या प्रवेशावरून निवडू नका. घरात जे मूल मागे राहण्याचा संभव अधिक, बहुधा धाकटी मुलगी, तिच्या दृष्टीने गाव पाहा. तिला तेथे अकरावी मिळेल का, पुढे पदवी मिळेल का, ती पायी किंवा एका बसने जाऊन दिवस मावळण्यापूर्वी घरी येईल का? या प्रश्नांची उत्तरे जिथे होकारार्थी येतात तिथे थोरल्याचीही सोय बहुधा होतेच. उलट मात्र होत नाही. लोणेऱ्याला १९८९ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठ स्थापन झाले. तेथे वसतिगृहात मुलगा जरूर ठेवा. परंतु चार मुले वेगवेगळ्या इयत्तांत असलेले कुटुंब नेण्याजोगे ते शहर नव्हे.

आता घाटावरची तीन ठिकाणे पाहू. कुंभार्ली घाट चढून पाटणवरून गेले की कराड, चिपळुणाहून सुमारे शंभर किलोमीटर. तेथे शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय १९६० पासून आहे, रयत शिक्षण संस्थेचे सद्‌गुरू गाडगे महाराज महाविद्यालय १९५४ पासून आहे. खुद्द रयत शिक्षण संस्थाही कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये कराडजवळच्या काले गावी स्थापन केली. 'कमवा व शिका' ही त्यांची रीत. हातात पैसा नसलेला मुलगा शिकलाच पाहिजे या हट्टातून ती निघाली. गाव बेताचे, पुष्कळ ठिकाणे पायी जाण्याजोगी. मात्र रेल्वे स्टेशन गावात नाही, ओगलेवाडीला आहे, हे ध्यानात ठेवावे.

कोल्हापूरबद्दल आपल्या समाजाने कृतज्ञतेने बोलले पाहिजे. राजर्षी शाहू महाराजांनी निरनिराळ्या समाजांच्या विद्यार्थ्यांसाठी तेथे वसतिगृहे उभी करविली, आणि १९०६ साली मुस्लिम विद्यार्थ्यांच्या शिक्षणासाठी सोसायटी स्थापन करून तिचे अध्यक्षपद स्वतः घेतले. राजाराम महाविद्यालय १८८० पासूनचे, शिवाजी विद्यापीठ १९६२ चे. विद्यार्थी हा पाहुणा आहे, गिऱ्हाईक नव्हे, ही भावना त्या शहरात अजून थोडीबहुत आढळते. तरीपण शहर वाढले आहे, भाडी वाढली आहेत, आणि विद्यापीठ शहराच्या एका टोकाला आहे.

माझ्या मते मध्यम आणि त्याहून कमी मिळकतीच्या कुटुंबाला सर्वांत सोयीची जोडी म्हणजे सांगली-मिरज. दोन्ही गावांत दहा-एक किलोमीटरचे अंतर, दिवसभर शहर बस. मध्ये विश्रामबागेला १९१९ सालचे विलिंग्डन महाविद्यालय, तिकडेच १९४७ सालचे वालचंद अभियांत्रिकी महाविद्यालय; मिरजेला १९६२ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय. एकाच घरातून एक मूल डिप्लोमाला, दुसरे कॉलेजला, तिसरे शाळेला जाऊ शकते. मिरज रेल्वेचे मोठे जंक्शन आहे आणि दवाखान्यांचे जुने गाव आहे. वॉनलेस हॉस्पिटल तेथे १८९४ साली सुरू झाले. त्यामुळे घरातील म्हाताऱ्या माणसांनाही बरोबर नेता येते. आपल्याकडील एक अम्मी तिघा मुलांना घेऊन तेथे राहिल्या आहेत. वडील जहाजावर. त्या शिवणकाम करतात, थोरला पॉलिटेक्निकला आहे, आणि मुलगी, जी इथे राहिली असती तर बारावीपुढे गेली नसती, ती आज विज्ञान शाखेच्या दुसऱ्या वर्षात आहे. आंब्याच्या दिवसांत त्या महिनाभर घरी येतात.

खोली पाहावयास पावसाळ्यात जा. ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णा आणि पंचगंगा काय करू शकतात ते सांगली-कोल्हापूरने पाहिले. जुलै २०२१ मध्ये तर आपल्या चिपळुणाने पाहिलेच. एखादी खोली फार स्वस्त सांगितली तर भिंतीवर पाणी कुठवर चढले होते ते शेजाऱ्याला विचारा.

आणखी एक कटू गोष्ट. नाव सांगितल्यावर "खोली कालच गेली" असे उत्तर तुम्हाला काही ठिकाणी ऐकावे लागेल. वाईट वाटते, वाटणारच. परंतु त्या रागाने लगेच गावाच्या दुसऱ्या टोकाला, केवळ आपली वस्ती आहे म्हणून, दीडपट भाड्याची अंधारी खोली घेऊ नका. दोन दिवस मुक्काम करा, कॉलेजातील शिक्षकांना भेटा, जमातीच्या जाणत्या माणसांना भेटा. सरळ माणसे सर्वत्र असतात, ती पहिल्याच दिवशी भेटतात असे नाही. करार मात्र लेखी करा. तोंडी बोलीवर डिपॉझिट देऊ नका.

कागदपत्रांविषयी आपण फार निष्काळजी आहोत. बिऱ्हाड हलविण्यापूर्वी अधिवासाचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, आणि ज्यांना लागू असेल त्यांनी इतर मागासवर्गीय जातीचा दाखला व नॉन-क्रीमीलेअर इथूनच काढून घ्यावेत. जातीच्या दाखल्यासाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीच्या वास्तव्याचा पुरावा लागतो, आणि तो आजोबांच्या शाळेच्या रजिस्टरात, इथेच, मिळणार. खुल्या वर्गात मोडणाऱ्यांनी आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकाच्या दाखल्याची चौकशी करावी. जुलै २०२४ मध्ये महाराष्ट्र शासनाने आठ लाखांच्या आतील उत्पन्नाच्या कुटुंबांतील या वर्गांच्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची फी माफ केली आहे. प्रवेश मात्र शासनाच्या केंद्रीभूत फेरीतून झालेला असावा लागतो. व्यवस्थापन कोट्यातून पैसे भरून घेतलेल्या जागेला ही सवलत नाही. दाखला नाही म्हणून कोणाची सवलत जाऊ नये.

वेळेविषयीही सांगतो. हलायचेच असेल तर दहावीनंतर हला, बारावीनंतर नव्हे. अभियांत्रिकीच्या प्रवेशात बारावी कोणत्या विद्यापीठाच्या क्षेत्रातून झाली हे पाहिले जाते. रत्नागिरी जिल्हा मुंबई विद्यापीठाच्या क्षेत्रात, तर कराड, सांगली, कोल्हापूर शिवाजी विद्यापीठाच्या. काही स्वायत्त महाविद्यालयांत जागा सर्व राज्यासाठी असतात, म्हणून त्या वर्षीची माहितीपुस्तिका स्वतः वाचा. वाचता येत नसेल तर मुलीकडून वाचून घ्या.

गाव पाहावयास जाताना तिलाही बरोबर न्या. बसथांब्यापासून खोलीपर्यंतचा रस्ता संध्याकाळी सात वाजता तिच्याबरोबर चालून पाहा आणि तिला काय वाटते ते विचारा. शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर मी तासभर शाळेत थांबतो. हिशेबाचे पान आणि दाखल्यांची पिशवी घेऊन या. आपण बसून पाहू.