बी. प्रभांच्या कोळणी

आज एका चित्रकर्तीला भेटू या.
त्यांचं नाव बी. प्रभा.

जन्म 1933 सालचा. गाव बेला, नागपूरजवळचं.
चित्रकलेचे पहिले धडे नागपुरात.
मग मुंबई, आणि जे. जे. स्कूल ऑफ आर्ट.

तो काळ जरा आठवा.
मुंबईत आधुनिक चित्रकला ऐन भरात होती.
हुसेन, रझा, सूझा...
गाजणारी नावं बहुतेक पुरुषांचीच.
त्यात ही विदर्भातली मुलगी उभी राहिली.

पहिल्याच प्रदर्शनात त्यांची तीन चित्रं विकली गेली.
घेणारे होते शास्त्रज्ञ होमी भाभा!

चित्रकर्ती अमृता शेरगिल हे त्यांचं प्रेरणास्थान.
पण वाट मात्र स्वतःची.

त्यांनी काय रंगवलं?
कष्टकरी बाई.
हो, कष्टकरी बाईच.

मासळीची टोपली घेतलेली कोळीण.
सडपातळ, उंच अंग. लांब मान.
मागे बहुधा एकाच रंगाचं राज्य.
कुठे निळा, कुठे तपकिरी.
नजर आपल्याच विचारांत हरवलेली.

मला ती नजर फार मोलाची वाटते.
ही बाई कुणासाठी नटून बसलेली नाही.
तिला तिचं मन आहे, तिचा थकवा आहे.
दुष्काळ आणि भूकही प्रभांनी रंगवली.
तिथेही मध्यभागी कष्टकरी बाई.

पती बी. विठ्ठल शिल्पकार.
दोघांनी संसार केला, तो कलेच्या सोबतीनं.

2001 साली प्रभा गेल्या.
एखाद्या कलादालनात त्यांची कोळीण दिसली,
तर जरा थांबा.
आधी तिचे डोळे बघा.