घराचा कागद सर्वांना दिसला पाहिजे



आम्ही बँकेत कारकुनी करणारी माणसे. घरकर्जाच्या अर्जामागे एका कुटुंबाची आयुष्यभराची बचत असते, हे आम्ही जवळून पाहतो. म्हणून आज एकच प्रश्न मांडतो. कोणते बांधकाम परवानगीचे आणि कोणते बेकायदेशीर, ही कार्यालयाच्या दप्तरातली माहिती लोकांना का दिसू नये?

कल्याण-डोंबिवलीचे उदाहरण घ्या. तेथे महापालिकेच्या बनावट परवानग्या जोडून 65 इमारतींची महारेराकडे नोंदणी झाली. लोकांनी विश्वासाने घरे घेतली, कर्जे काढली. एका वास्तुविशारदाच्या जनहित याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने नोव्हेंबर 2024 मध्ये त्या इमारती पाडण्याचा आदेश दिला. खऱ्या परवानग्यांची यादी सर्वांसमोर असती, तर खोटा कागद पहिल्याच दिवशी ओळखू आला असता.

काही ठिकाणी तर जीव गेले. एप्रिल 2013 मध्ये मुंब्र्याजवळ शिळफाट्याला बेकायदेशीर इमारत कोसळून 74 माणसे दगावली. ऑगस्ट 2025 मध्ये विरारला रमाबाई अपार्टमेंट पडून 17 जण गेले. तीही इमारत अनधिकृतच होती.

कायदा आपल्या बाजूचा आहे. माहितीचा अधिकार अधिनियम, 2005 च्या कलम 4 नुसार, दिलेल्या परवानग्यांचा तपशील कार्यालयाने स्वतःहून प्रसिद्ध करायचा आहे. तो मिळत नसेल तर 10 रुपये भरून अर्ज करावा; दारिद्र्यरेषेखालील व्यक्तीला तेही शुल्क नाही. उत्तराची मुदत 30 दिवस. डिसेंबर 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आणखी दोन गोष्टी बजावल्या: काम चालू असेपर्यंत मंजूर नकाशा जागेवर लावावा, आणि बँकांनी इमारत तारण घेताना भोगवटा प्रमाणपत्र तपासूनच कर्ज द्यावे.

कोणी म्हणेल, यादी उघडी झाली की आधी गरिबाचीच झोपडी पडेल. ही भीती खोटी नाही. म्हणूनच यादीत केवळ नावे नकोत. नोटीस कोणाला, कोणत्या तारखेला दिली आणि पुढे काय कारवाई झाली, हेही हवे. मग झोपडीवर हातोडा आणि माडीला अभय, हा भेदभाव लपणार नाही. बंद दप्तराचा फायदा ओळखीपाळखीच्या माणसालाच होतो.

आपले कारंजा नागपूर-अमरावती महामार्गावरचे गाव. येथे नवी बांधकामे होतात, आणि आपली मुले नोकरीसाठी पुण्या-मुंबईला जाऊन तिकडे घरे घेतात. म्हणून विद्यार्थ्यांना आमचे सांगणे आहे की, अर्ज लिहायला शिका. नगरपंचायतीने दिलेल्या बांधकाम परवानग्या आणि बजावलेल्या नोटिसा दर महिन्याला फलकावर लागाव्यात, अशी मागणी आपण सर्वांच्या सह्यांनी करू. आणि इसार देण्यापूर्वी मंजूर नकाशा मागण्यात संकोच कसला? पैसा आपल्या घामाचा आहे.