रुग्णाला चालते करताना

(मिशनच्या आरोग्य विभागाच्या वार्षिक मेळाव्यात परिचारिका, गावोगावचे आरोग्यसेवक आणि मंडळीचे सभासद यांच्यासमोर झालेल्या भाषणाचा मजकूर.)



दवाखान्यात येणाऱ्या माणसाला आपण अधिक हिंडते-फिरते कसे करावे, या विषयावर मला बोलायला सांगितले आहे. विषय कळल्यावर एका सिस्टरांनी मला विचारले, "आपल्या भागात हे कशाला? डोंगर चढणाऱ्या माणसाला व्यायाम काय शिकवायचा?" प्रश्न रास्त आहे, म्हणून तिथूनच सुरुवात करते.

सातपुड्याच्या पाड्यावरची बाई डोक्यावर हंडा घेऊन चढ चढते, शेतात निंदणी करते, सरपण आणते. तिला "रोज अर्धा तास चालत जा" असे सांगणे म्हणजे तिची थट्टा आहे. तिला हवी आहे विश्रांती, पोटभर डाळ-भाकर, रक्तवाढीच्या गोळ्या आणि घराजवळ पाणी. ऊसतोडीहून परत आलेल्या मजुराचेही तेच. आपला आजचा विषय त्यांच्यासाठी नाही.

पण त्याच घरात दुसरी माणसे आहेत. गुडघे धरले म्हणून दोन वर्षे ओट्यावरच बसलेली सासू. आश्रमशाळेतून निवृत्त झालेले गुरुजी, जे किराणा आणायलाही मोटरसायकल काढतात आणि ज्यांची साखर गोळ्या वाढवूनही उतरत नाही. लकवा मारल्यापासून खाटेवर असलेले बाबा. ही माणसे आता आपल्या ओपीडीत रोज दिसतात. कोणाला चालायला सांगायचे आणि कोणाला बसायला सांगायचे, हे ओळखणे हे आपले पहिले काम.

न चालण्याने काय होते हे आता चांगले ठाऊक झाले आहे. 1953 साली डॉ. जेरेमी मॉरिस यांनी लंडनच्या बसगाड्यांवरील कामगारांचा अभ्यास प्रसिद्ध केला. दिवसभर बसून गाडी हाकणाऱ्या चालकांपेक्षा दुमजली बसचे जिने चढ-उतार करणाऱ्या कंडक्टरांना हृदयविकार कमी होत होता. आपल्या देशात भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या एका मोठ्या पाहणीत महाराष्ट्रही होता. 2014 साली तिचे निष्कर्ष आले, तेव्हा पाहिलेल्यांपैकी निम्म्याहून अधिक माणसे पुरेशी हालचाल करत नव्हती. जागतिक आरोग्य संघटनेने 2020 मध्ये सांगितलेले माप असे: मोठ्या माणसाने आठवड्यात किमान 150 मिनिटे मध्यम श्रमाची हालचाल करावी. म्हणजे आठवड्यातले पाच दिवस अर्धा-अर्धा तास. मध्यम श्रम कसे ओळखायचे? चालताना सोबत्याशी बोलता आले पाहिजे, पण गीत म्हणता येऊ नये, इतपत दम लागावा. त्याच संघटनेने हेही सांगितले आहे की अजिबात न करण्यापेक्षा थोडे केलेले केव्हाही बरे. आपल्या रुग्णांसाठी मला हे दुसरे वाक्य अधिक मोलाचे वाटते.

आता मुख्य गोष्ट. "व्यायाम करा" असे आपण सगळेच सांगतो. रुग्ण "हो सिस्टर" म्हणतो, गोळ्या घेतो आणि घरी जाऊन बसतो. त्याला माहिती नसते असे नाही. आपण त्याला आपल्याला हवे ते सांगतो, त्याला काय हवे ते विचारत नाही. योहानाच्या शुभवर्तमानात बेथेस्दा तळ्याकाठी 38 वर्षे आजारी असलेल्या माणसाची हकिकत आपण सर्वांनी ऐकली आहे. प्रभूने त्याला उठायला सांगण्याआधी त्याची इच्छा विचारली. ओपीडीत बसताना मी हा क्रम डोळ्यांपुढे ठेवते.

गुडघेदुखीच्या एका आजींचे सांगते. मी विचारले, "आजी, गुडघा दुखत नसता तर काय केलं असतं?" त्या लगेच म्हणाल्या, "मोहफुलं वेचायला गेली असती. पोरी जातात, मी घरात माशा मारते." मग मी विचारले, "आता कुठवर जाता येतं?" म्हणाल्या, "विहिरीपर्यंत." म्हणजे त्यांना काय परत हवे तेही कळले आणि आज त्या कुठे आहेत तेही. मोहाची झाडे विहिरीच्या पलीकडे, शेताच्या बांधाला. मग आमचा सगळा उपचार त्या वाटेवरच ठरला.

"दुखतं म्हणून चालत नाही" असे त्यांचे म्हणणे होते. झिजलेल्या गुडघ्याला बसून राहिल्याने आराम पडत नाही. मांडीचा स्नायू अशक्त होतो आणि सगळा भार सांध्यावरच येतो. म्हणून दोन साधे व्यायाम दिले. खाटेच्या काठावर बसून एक पाय सरळ करायचा, पाच आकडे मोजेपर्यंत धरायचा, मग खाली. दोन्ही पायांनी दहा-दहा वेळा. दुसरा, खाटेवरून हाताचा आधार न घेता उठायचे आणि हळू बसायचे, झेपेल तितक्या वेळा. काठी दुखऱ्या पायाच्या उलट बाजूच्या हातात धरायला सांगितली. बहुतेक जण ती दुखऱ्या बाजूलाच धरतात. विहिरीपर्यंत सकाळ-संध्याकाळ जायचे, आणि आठवड्याने एक झाड पुढे. मोहाच्या दिवसांत त्या बांधापर्यंत पोहोचल्या. टोपली सुनेने उचलली, फुले आजींनी वेचली.

यातून चार गोष्टी घ्या. विचारा, मोजा, लहान पाऊल ठरवा, पुढच्या वेळी पुन्हा विचारा. चौथी गोष्ट आपण सर्वांत जास्त विसरतो. रक्तदाब दर खेपेला मोजतो, मग "या आठवड्यात कुठवर चाललात?" हेही दर खेपेला विचारले पाहिजे. सिस्टर विचारणार आहेत हे ठाऊक असले की माणूस चालतो. न चालला तर रागावू नका. काय आडवे आले ते विचारा. पाऊस, कुत्री, लोक हसतात ही लाज, नातवंडे सांभाळणे, ही खरी कारणे असतात आणि त्यांवर तोड निघते.

सल्ला चिठ्ठीवर लिहून द्या. न्यूझीलंडमध्ये 1998 पासून डॉक्टर औषधाप्रमाणेच हालचालही चिठ्ठीवर लिहून देतात. तिला ते 'हिरवी चिठ्ठी' म्हणतात. आमच्या गुरुजींना मी तसेच लिहून दिले: "दोन्ही जेवणांनंतर 15 मिनिटे चालणे." चालताना स्नायू रक्तातली साखर वापरतात, म्हणून जेवणानंतरचे चालणे मधुमेहात फार उपयोगी. गुरुजी म्हणाले, "तोंडी सांगितलं असतं तर विसरलो असतो. लिहून दिलं म्हणजे औषध झालं." ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी विहीर, देऊळ, चर्च, शाळा अशी खुणेची चित्रे काढून द्या.

लकव्याच्या रुग्णाबाबत मात्र घरच्यांशी बोलावे लागते. आपल्याकडे प्रेम म्हणजे आजाऱ्याला हलू न देणे. मुलगा भरवतो, सून पाणी हाताशी देते, आणि बाबा खाटेला खिळतात. पाठीला जखमा होतात, सांधे आखडतात, छातीत कफ साठतो. डॉक्टरांनी परवानगी दिली की त्यांना बसवा, धरून उभे करा, चांगल्या हाताने घास घेऊ द्या. एका मुलाला मी म्हणाले, "दादा, बाबांचं काम तुम्ही करू नका, त्यांच्या शेजारी उभे राहा." वडिलांना अंगणापर्यंत नेण्यास त्याला तीन आठवडे लागले. त्या दिवशी बाबांनी अंगणातूनच बैलांना हाक मारली.

सावधगिरीही सांगते. चालताना छातीत दुखले, भोवळ आली, नेहमीपेक्षा फार धाप लागली, तर थांबावे आणि दवाखान्यात यावे. इन्शुलिन किंवा साखरेच्या गोळ्या घेणाऱ्याने उपाशीपोटी लांब जाऊ नये, खिशात गूळ-साखर ठेवावी. पाय बधिर असलेल्या मधुमेही व कुष्ठरोग्यांनी अनवाणी चालू नये. एमसीआर चप्पल वापरावी आणि रोज रात्री तळवे पाहावेत. सिकलसेलचा आजार असलेल्या मुलांना खेळू द्या, पण दमेपर्यंत नाही, भर उन्हात नाही, आणि पाणी वारंवार द्या. वेल्लोरला डॉ. पॉल ब्रँड यांनी कुष्ठरोग्यांच्या वाकड्या बोटांवर शस्त्रक्रिया केल्या, पण शस्त्रक्रियेनंतर व्यायामोपचाराने ती बोटे पुन्हा कामाला लावावी लागत. बधिर हात जखमांपासून कसे जपायचे, हेही तिथे शिकवावे लागे. हालचाल आणि काळजी या दोन्ही गोष्टी बरोबरच शिकवायच्या असतात.

शेवटी, मंडळीतील तुम्हा सर्वांना एक विनंती. तुमच्या देणगीतून आम्ही गोळ्या, पट्ट्या आणि चपला घेतो, त्याबद्दल प्रभू तुम्हाला आशीर्वाद देवो. पण एक गोष्ट पैशाने मिळत नाही, ती म्हणजे सोबत. एकटा रुग्ण चार दिवस चालतो आणि सोडतो. उपासनेला येताना शेजारच्या आजींना गाडीवर बसवून आणू नका; दहा मिनिटे आधी निघा आणि त्यांच्या चालीने चालत या. महिला मंडळाने आठवड्यातून दोन संध्याकाळी मिळून चालावे, वाटेत आजाऱ्याच्या घरी थांबून प्रार्थना करावी. तरुणांनी लकव्याच्या एका रुग्णाचे घर वाटून घ्यावे आणि त्याला धरून अंगणात फिरवावे.

दवाखान्यात आम्ही रुग्णाला महिन्यातून पंधरा मिनिटे भेटतो. उरलेला महिना तो तुमच्यात असतो. आम्ही चिठ्ठी लिहून देऊ. तुम्ही त्याच्याबरोबर चाला.

प्रभू आपणा सर्वांना सामर्थ्य देवो. आमेन.