कागदावरचे ‘ओ’
(मंडळाच्या वर्धापनदिनी झालेल्या भाषणावरून)



रोवणीच्या दिवसांत अडलेली बाळंतीण सानगडीहून साकोलीला आणि तिथून भंडाऱ्याला नेताना घरच्यांचा जीव कसा टांगणीला लागतो, हे मी तुम्हांला सांगायला नको. तिच्या कागदावर ‘ओ’ लिहिलेले असले, की आपण म्हणतो, चला, ओचे रक्त कुठेही मिळेल. बहुधा ते खरे असते. क्वचित नसते, आणि त्या क्वचितविषयीच मी आज बोलणार आहे.

१९५२ साली मुंबईचे डॉ. वाय. एम. भेंडे आणि त्यांचे सहकारी यांनी ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय पत्रात एका नव्या रक्तगटाची हकीगत प्रसिद्ध केली. एक रोगी रेल्वे अपघातातला, दुसरा सुऱ्याने भोसकलेला. तपासणीत दोघेही ओ दिसत. पण ओचे रक्त त्यांच्या रक्तद्रवात मिसळले, की त्याच्या गाठी होत. या गटाला पुढे मुंबईचेच नाव पडले. भारतात सुमारे दहा हजारांत एकाचे रक्त असे असते. युरोपात दहा लाखांत एखाद्याचे.

हे कसे होते? रक्तपेशीवर ‘एच’ नावाचा एक पाया असतो. त्यावर ए किंवा बीची भर पडते. ओ माणसाचा पाया नुसताच राहतो. मुंबई गटाच्या माणसाजवळ तो पायाच नसतो. म्हणून त्याच्या शरीराला ओचे रक्तही परके वाटते आणि ते चढवले तर जिवावर बेतते. त्याला रक्त त्याच्याच गटाच्या माणसाचे हवे.

आता बायकांनी विशेष ध्यानात घ्यावे असे सांगते. अशा माणसाजवळ बीचा वारसा असू शकतो, फक्त पाया नसल्याने तो दिसत नाही. समजा, नवऱ्याच्या कागदावर ओ, बायकोचेही ओ, आणि मूल झाले बी! घरात कुजबुज सुरू व्हायला कितीसा वेळ लागतो? आणि बोट कोणाकडे दाखवले जाते, हेही आपल्याला ठाऊक आहे. वास्तविक नवरा मुंबई गटाचा असला, तर हे मूल त्या दोघांचेच असू शकते. अमेरिकेत लेव्हिन यांनी १९५५ साली अशाच एका बाईची नोंद केली. ती ओ दिसे, पण तिने आपल्या अपत्याला बी दिला होता. दोन अक्षरांवरून एखादीच्या चारित्र्याचा निवाडा करणाऱ्यांना मी एवढेच म्हणेन, आधी पुरती तपासणी करून या.

हा गुण आईबाप दोघांकडून यावा लागतो. दोघांतही तो दडलेला असेल, तर प्रत्येक मुलाला चारांत एक शक्यता. म्हणून नात्यात किंवा लहानशा समाजात पिढ्यान्‌पिढ्या आपसांत लग्ने होतात, तिथे तो जास्त सापडतो. ओडिशातील कुटिया कोंध आणि भुइयां या आदिवासी समाजांत तो आढळला आहे. त्यात त्या समाजांचा काही दोष नाही, आणि हे रक्त अशक्तही नाही. ते माणूस एरवी धडधाकट असते.

करायचे काय? नुसत्या पेशी तपासून भागत नाही. रक्तद्रवही तपासावा लागतो, आणि तो ओच्या पेशींवरसुद्धा. गरोदर बाईची ही तपासणी आधीच करून घ्यावी, दिवस भरण्याची वाट पाहू नये. शंका आली तर नमुना मोठ्या प्रयोगशाळेकडे पाठवता येतो. मुंबईत परळला १९५७ पासून रक्तगटांचे संशोधन करणारी सरकारी संस्था आहे. गट असा निघाला, तर सख्ख्या भावाबहिणींचेही रक्त तपासावे, कारण जुळणारा दाता बहुधा घरातच सापडतो. साठवलेले रक्त ३५ ते ४२ दिवसच टिकते, म्हणून दात्यांची नावे आधी माहीत असणे बरे.

आपल्या भागात सिकलसेलची शिबिरे होतात, तिथे बोटातून रक्त दिले म्हणजे गटही कळला, असे समजू नका. ती तपासणी निराळी आहे.